जीभ आमची अडते, अक्कल तुमची

टेंभुर्णीत तोतऱ्या पोराला आजही वेखंड चाटवतात, जिभेखाली खडा धरायला लावतात. तोच पोरगा वर्गात वाचायला उभा राहिला की सगळे हसतात, गुरुजींसकट. हे मी भोगलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. तोतरेपणा जड जिभेमुळं होत नाही, भित्रेपणामुळंही नाही. मेंदूकडून बोलण्याची जी जुळणी होते तिच्यातला हा फरक आहे आणि बऱ्याचदा तो घराण्यातूनच येतो. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी कधीतरी अडखळतात; मोठेपणी शंभरात एकाचं अडखळणं उरतं.

मी एका वाचातज्ज्ञ बाईंकडून मोबाइलवरून उपचार घेतो. त्यावर गावातले शहाणे विचारतात, "फोनवर कुठं जीभ सुटते व्हय?" सुटते! सोलापूर इथून नव्वदेक किलोमीटर, पुणं दीडशेच्या पुढं. दर आठवड्याला रोजगार बुडवून कोण जाणार? बरं, दवाखान्याच्या बंद खोलीत बाईंसमोर नीट बोलणं अवघड नसतंच. अडतं ते बाहेर, एसटीत. कंडक्टरला 'टेंभुर्णी' सांगताना 'ट' दाताआड रुतून बसतो, मागची माणसं धक्के देतात. इतर शब्दांना पर्याय शोधून वेळ मारून नेता येते, गावाच्या आणि स्वतःच्या नावाला पर्याय नसतो. म्हणून बाई मला पहिलं अक्षर जोर न लावता, हलकं उचलायला शिकवतात आणि लगेच, त्यांच्या कानावर पडेल असा, अनोळखी दुकानदाराला फोन लावून भाव विचारायला लावतात.

ऑस्ट्रेलियात प्रौढांना 'कॅम्परडाउन' पद्धतीचा उपचार फोनवरून देऊन तो दवाखान्यातल्या उपचाराशी ताडून पाहिला गेला. 2010 साली निष्कर्ष छापून आला: फोनवरचा उपचार कमी पडला नाही. तरी आमच्याकडं पालक पैसे मोजतात ते 'पंधरा दिवसांत खात्रीशीर' म्हणणाऱ्या भोंदूंना. खात्री देणारा माणूस खोटं बोलतोय. त्याच्याकडं भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्याचा चेहरा बघा.

सरकारनं तर आम्हाला मोजलेलंच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचादोष आहे. पण व्याख्येत उदाहरणं स्वरयंत्र काढलेल्यांची आणि मेंदूच्या इजेनं वाचा गेलेल्यांची. लहानपणापासून अडखळणाऱ्यानं प्रमाणपत्र मागायचं कुठल्या तोंडानं?

मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत 1983 पासून वाचा आणि श्रवणदोषांवर काम चालतं, वाचातज्ज्ञ घडतात. त्यांना आमच्या माढा तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांशी फोननं जोडा. एकत्र कुटुंबात, दहा जण ऐकत असताना, कुणाची जीभ सुटत नाही. म्हणून त्या दवाखान्यांत दार लागेल अशी एक खोली द्या. शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकानं दात, डोळे, वजन बघून निघून जाऊ नये. प्रत्येक पोराला चार वाक्यं बोलायला लावावीत, मध्ये त्याचा शब्द तोडू नये, आणि जो अडखळेल त्याच्या आईला त्याच दिवशी मराठी बोलणारा वाचातज्ज्ञ फोनवर जोडून द्यावा.