झिजेचा बागुलबुवा

आम्हां मध्यमवर्गीयांना नवी वस्तू घेतल्याचा आनंद फार तर एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवसापासून ती झिजेल ही चिंता सुरू होते. मग खुर्चीला अभ्रा, अभ्र्यावर टॉवेल, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी! पैठणी ठेवणीत राहते आणि एक दिवस घडीवरच विरते. ती नेसलेली मात्र कुणी पाहिलेली नसते. या स्वभावाचा मी पुष्कळ वर्षे भक्त होतो. आज त्याच्याशी उघड भांडण मांडणार आहे. निमित्त आहे माझ्या संगणकातल्या एका लहानशा वस्तूचे, एसएसडीचे.

डिसेंबर २०१५ मध्ये मी घरच्या संगणकातली हार्ड डिस्क काढून तिथे २५० जीबीची एसएसडी बसवली. संगणकाची ही कोठी निव्वळ चिपांची असते, तिच्यात फिरणारे असे काहीच नसते. तोवर बटण दाबून मी चहा ठेवत असे, आणि चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. एसएसडी बसली आणि अर्ध्या मिनिटात संगणक हात जोडून उभा राहू लागला. भंगारवाल्याच्या वाटेवर निघालेले यंत्र त्या दिवशी माघारी फिरले. मी खूश झालो. तेवढ्यात सल्लागार आले.

"जपून वापरा बरं का! या ड्राइव्हवर लिहिलं की ती झिजते." ऑफिसातल्या सहकाऱ्याने सांगितले, शेजारच्या इंजिनिअर मुलाने सांगितले, विकणाऱ्यानेही पैसे मोजून घेतल्यावर सांगितले. तिच्यावर फक्त विंडोज ठेवा. चित्रपट ठेवू नका. फोटो उगाच इकडून तिकडे हलवू नका. एकच गोष्ट दोनदा लिहू नका. मी आज्ञाधारक माणूस. साडेतीन वर्षे मी ही सोवळी पाळली. महिन्याच्या एक तारखेला किती लिहिले गेले याचा आकडा पाहायचो आणि तो वाढलेला दिसला की दुधाचे बिल वाढल्यासारखा हळहळायचो.

आता या भयात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. बागुलबुवा उभा करायलाही एखादी खरी सावली लागतेच. आयबीएमने १९५६ साली जे पहिले डिस्कयंत्र आणले त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या अवडंबरात मावत होती ५० लाख अक्षरे. तेव्हापासून हार्ड डिस्कचे तत्त्व एकच: फिरती तबकडी आणि तिच्यावर तरंगणारे वाचक-टोक. एसएसडीचे कूळ निराळे. तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी १९८४ साली जगापुढे मांडली, आणि आजच्या एसएसडीत असतो तो 'नँड' प्रकार १९८७ साली. यात विजेचा सूक्ष्म भार एका पातळ विरोधक पडद्याआड कोंडून ठेवलेला असतो. तो भार हीच आपली अक्षरे, हेच आपले फोटो. प्रत्येक वेळी पुसताना आणि लिहिताना त्या पडद्याला किंचित इजा होते, आणि अशा इजा शेकडो-हजारो वेळा झाल्या की ती कोठडी निकामी होते. झीज आहे ती एवढीच.

पण ही झीज वाटून घेण्याची सोयही त्याच पेटीत असते. देवळाच्या पायऱ्या मधोमध झिजतात, कारण प्रत्येक जण मधूनच चढतो. समजा, पायरीशी एक पुजारी उभा राहिला आणि प्रत्येक भाविकाला पाय ठेवायला निराळी जागा दाखवू लागला, तर ती पायरी किती पिढ्या टिकेल? एसएसडीतली नियंत्रक चिप नेमके हेच काम अहोरात्र करीत असते.

हिशेबच मांडू. माझ्या एसएसडीच्या हमीपत्रात लिहिण्याची मर्यादा ७५ टेराबाइट दिली आहे. एक टेराबाइट म्हणजे सुमारे हजार जीबी. डिसेंबर २०२५ मध्ये तिला १० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा आकडा होता २४. यातले ५ टेराबाइट माझ्या सोवळ्याच्या साडेतीन वर्षांतले आणि १९ टेराबाइट नंतरच्या साडेसहा वर्षांतले, ज्या काळात मी हात मोकळा सोडला. याच उधळेपणाने चाललो तरी उरलेले ५१ टेराबाइट आणखी १७ वर्षे पुरतील. तोवर त्या संगणकाचे काय होईल सांगता येत नाही. माझे तर त्याहून नाही! शिवाय हमीपत्रातला आकडा म्हणजे मृत्यूची तिथी नव्हे. 'द टेक रिपोर्ट' या संगणकविषयक नियतकालिकाने २०१३ ते २०१५ या काळात माझ्या ड्राइव्हएवढ्याच सहा घरगुती एसएसडी मुद्दाम मरेपर्यंत लिहून पाहिल्या. ७०० टेराबाइटच्या आत त्यांतली एकही मेली नाही, आणि सर्वांत चिवट निघाली ती २४०० टेराबाइटपर्यंत गेली.

वाचक म्हणतील, मग तुमचे दुखणे काय? ड्राइव्ह टिकली, संगणक टिकला, भांडता कशाला?

सांगतो.

२०१६ साली मी लॅपटॉपमध्येही एक लहान एसएसडी बसवली होती. २०१७ च्या दिवाळीत आई आमच्याकडे होती. तिच्या माहेरी जाते होते आणि दळताना म्हणायच्या ओव्या तिला तोंडपाठ होत्या. फराळाची भाजणी मिक्सरच्या भांड्यात फिरताना पाहून तिला हसू आले आणि ती आपण होऊनच गाऊ लागली. मी लॅपटॉप पुढ्यात ठेवून ते टिपून घेतले. चार दिवसांत ११ ध्वनिमुद्रणे झाली. मधूनमधून ती थांबायची, "हे काय, अजून चालूच आहे का रे?" असे विचारायची, आणि पुन्हा गायची. २०१८ च्या पावसाळ्यात आई गेली.

त्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत घरच्या संगणकात घ्यावी असे मला अनेकदा वाटले होते. दर वेळी मी स्वतःशी म्हणालो, एकदा आहेत ना नीट? मग तेच दुसऱ्या ड्राइव्हवर उगाच कशाला लिहायचे? झिजते ती!

जून २०१९ मध्ये एका सकाळी लॅपटॉप उघडला तो पडद्यावर एकच ओळ: डिस्क सापडत नाही. आदल्या रात्री सारे सुरळीत होते. आरोग्य दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने आठवड्यापूर्वी ९७ टक्के दाखवले होते. दुरुस्तीवाल्याने ती दोन दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाला, "चिपा चांगल्या असतील हो, पण नियंत्रकच गेला. आता आत काय कुठे ठेवलंय ते सांगणारा कुणी उरला नाही." पायऱ्या शाबूत होत्या, पुजारीच गेला होता. जागा वाटून झीज वाचवण्याची जी हुशारी, तिच्यामुळेच सारे इतके विखुरलेले असते की नियंत्रकावाचून ते पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य होऊन बसते.

आमची जुनी हार्ड डिस्क निदान कण्हायची. २०११ साली तशी एक बिघडली तेव्हा ती तीन दिवस टकटक करीत होती. त्या तीन दिवसांत मी तिच्यातले सारे काढून घेतले. एसएसडी पुष्कळदा अशी सवड देत नाही. झीज मोजता येते. नियंत्रकाचा, विजेच्या झटक्याचा, आतल्या प्रोग्रॅमच्या चुकीचा घाला मोजता येत नाही.

त्या ११ ध्वनिमुद्रणांनी जागा व्यापली असती सुमारे ६०० मेगाबाइट. ७५ टेराबाइटच्या आयुष्यातला सव्वा लाखावा हिस्सा! तो वाचवण्यासाठी मी आईचा आवाज घालवला. म्हणून हे भांडण आहे. झिजेची भीती दाखवणाऱ्या त्या सगळ्या सल्लागारांपैकी एकानेही मला "दुसरी प्रत ठेवा" एवढे तीन शब्दांचे वाक्यसुद्धा सांगितले नाही. आम्ही वस्तूला जपतो आणि वस्तूत जे ठेवले आहे त्याला विसरतो. दागिन्यांच्या डब्याला मखमल लावतो आणि डबा खिडकीत ठेवतो!

यावर काही शहाणे म्हणतील, मग हार्ड डिस्कच काय वाईट होती? वाईट नव्हती, पण ती टेबलावरून पडली की संपलीच, आणि मिनिटाला ७२०० फेरे घेणारी वस्तूही कधीतरी थकणारच. रोजच्या कामाला मी आजही एसएसडीच देईन आणि तुम्हांलाही घ्या म्हणेन. दुसरे म्हणतील, क्लाउड आहे ना! असू द्या. तीही एक प्रत आहे. पण ती भाड्याच्या खोलीत ठेवलेली आणि किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात. तो पासवर्ड घरात आणखी कुणाला ठाऊक आहे का, हे आज फराळाच्या वेळी विचारून पाहा. तिसरे म्हणतील, आम्ही सारे एका एसएसडीवर भरून कपाटात ठेवून देतो. ही पैठणीचीच चूक! कोंडलेला तो भार वीज नसताना हळूहळू गळत असतो आणि उन्हाळ्यात जास्त गळतो. घरगुती एसएसडीची लिहिण्याची मर्यादा पुरी संपल्यावरही तिने ३० अंश तापमानात विजेवाचून निदान एक वर्ष मजकूर सांभाळावा, एवढीच अपेक्षा या धंद्याच्या मानकात धरली आहे. नवी ड्राइव्ह पुष्कळ अधिक टिकेल. पण आपली कपाटे ३० अंशांवर थांबत नाहीत. कपाटात ठेवायचीच असेल तर हार्ड डिस्क ठेवा, आणि वर्षातून एकदा तरी जोडून आतले उघडते का ते पाहा.

माझ्या घरी आता एक नेम आहे. पाडव्याला व्यापारी वही पूजतात. त्या दिवशी मी घरातले सगळे फोटो, पत्रे, आवाज दोन हार्ड डिस्कांवर नव्याने उतरवतो. एक घरी राहते. दुसरी भाऊबीजेला कोल्हापूरला अक्काकडे जाते आणि गेल्या वर्षीची तिच्याकडून परत येते. पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "ओवाळणीत हे काय रे घातलंस?"

त्याच दिवशी तिने आपला जुना फोन शोधून काढला. २०१७ च्या त्या दिवाळीत मी तिला ११ पैकी ४ ध्वनिमुद्रणे पाठवली होती, हे मी साफ विसरलो होतो. ती चार वाचली, सात गेली. ती चार आता पाच ठिकाणी आहेत, आणि त्यांतले एक ठिकाण माझी तीच २०१५ सालची एसएसडी आहे. दर पाडव्याला मी ती तिच्यावर पुन्हा लिहितो. झिजू दे थोडी.