आजीची विसाची मोजणी आणि नातीचे फ्रेंच

शेजारची मुलगी पुण्याला अकरावीत शिकते. सुट्टीत अंकुशनगरला आली, तेव्हा वही घेऊन आमच्या घरी आली. "काका, फ्रेंच सोडून देऊ का? बाकीच्या मुली इंग्रजी शाळेतल्या. आपल्याला नाही जमणार."

मी बी. कॉम. झालेला कारकून, मला कुठले फ्रेंच! पण म्हटले, अडते कुठे ते तर सांग.

पहिला प्रश्न : टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी का? मी विचारले, आपल्याकडे भिंत 'ती' आणि दरवाजा 'तो' का? तिथे कारण शोधत बसू नये. फ्रेंचमध्ये लिंगे दोनच, आपण तर लहानपणापासून तीन सांभाळतो. शब्द पाठ करतानाच 'ला ताब्ल', 'ल लीव्र' असा जोडीने करावा.

दुसरा : 'ती गेली' लिहिताना शेवटी एक जादा 'ई' का? उच्चारात तो ऐकू येत नाही, म्हणून ती विसरते. पण तो गेला, ती गेली, हा भेद आपल्या तोंडात आहेच. मात्र 'खाल्ले'ची गोष्ट वेगळी. आपण 'भाकरी खाल्ली' म्हणतो; फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आले तरच असा बदल होतो. एवढे लक्षात ठेवावे.

तिसरा : नव्वदला 'चार-वीस-दहा' म्हणतात, हे काय गणित? दारात बसलेली तिची आजी हसली. "चार इसा अन् धा! आमी तसंच मोजायचो की." आजी शाळेत गेलेली नाही.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राच्या ढीगभर अभ्यासातही त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनचा एकेक वर्ग केला. भाषा ही कुणाची मिरास नाही.

पालकांनो, परकी भाषा इंग्रजीच्याच दारातून शिकावी लागते, ही भीती मुलांच्या मनातून काढा. लिंग, वचन, 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक मराठी मुलाला घरीच मिळालेला असतो. रोज अर्धा तास मोठ्याने वाचायला बसवा. आपल्याला समजत नसले तरी जवळ बसून ऐका.

मुलगी सोमवारी पुण्याला गेली. फ्रेंचची वही सोबत नेली आहे.