गणिताशी गट्टी : डोंगर चढतो, रेषा उतरते!

बालमित्रांनो, राजूरहून बारी गावी जाऊन कळसूबाई चढलात, की माथ्यावर कसं गार वाटतं! उंच जावे तशी हवा थंड होते. दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने.

समजा, समुद्रकाठी तापमान ३० अंश आहे. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर उंची (क्ष किलोमीटर) आणि उभ्या अक्षावर तापमान (य अंश) घ्या. १ किलोमीटरवर २३.५, २ किलोमीटरवर १७. बिंदू जोडा. झाली सरळ रेषा!

तिचे समीकरण : य = ३० − ६.५क्ष

हे घोकू नका, वाचा! ३० म्हणजे रेषा उभ्या अक्षाला छेदते ती जागा. −६.५ हा रेषेचा चढ. वजा चिन्ह म्हणतं, ‘मी उतरतेय!’

कळसूबाई १,६४६ मीटर उंच, म्हणजे क्ष = १.६४६. (१,६४६ घातलेत, तर फसलात!) उत्तर येईल सुमारे १९.३ अंश. ऊन-वाऱ्याने थोडा फरक पडेलच.

आता तुमची पाळी. ३० ऐवजी २५ घ्या. नवी रेषा जुन्या रेषेला कुठे छेदेल? आधी विचार करा, मगच पट्टी उचला!