ज्येष्ठांना पहिल्या रांगेतून उठवा

आपल्या मंडळात ज्येष्ठांचा मान राखला जातो, यात शंका नाही. गणपतीत पहिली रांग त्यांची, जेवणाचं ताट त्यांना जागेवर, वर्षातून एकदा शाल-श्रीफळ. हे सगळं प्रेमापोटीच होतं. तरीही मला वाटतं, मान देता देता आपण त्यांना बसवून ठेवतो आहोत, आणि त्या वयात बसून राहणंच सगळ्यात महागात पडतं.

आरतीच्या वेळी जरा बघा. काका-काकू उठताना दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटतात, एक हेलकावा देतात, मग दुसरा. शेजाऱ्यानं हात दिला तर ठीक, नाहीतर ‘मी बसूनच म्हणते गं’. गुडघ्यांना दोष देऊन आपण मोकळे होतो. पुष्कळदा खरी कमतरता मांडीच्या स्नायूंत असते. साठीनंतर स्नायू झपाट्यानं झिजतात आणि वापरल्याशिवाय ते टिकत नाहीत. अमेरिकेत पासष्टीपुढच्या दर चार माणसांमागे एकाहून अधिक जण दरवर्षी पडतात. खुब्याचं हाड मोडलं, तर अनेकांचं हिंडणं-फिरणं पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

‘आम्ही रोज चालतो की!’ असं यावर हमखास ऐकू येतं. पण आपल्या इथे, शिकागोच्या उपनगरांत, डिसेंबर-जानेवारीत चालणार कुठे? फुटपाथवर बर्फ, स्वतःला गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून ऑफिसात. दिवस मालिकांपुढे जातो. शिवाय नुसतं चालणं पुरतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही. म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठबस, टाचा उचलणं, रबरी पट्टा ताणणं. स्नायूंसाठी ताटातलं वरण घट्ट हवं, सोबत दही, उसळ, चालत असेल तर अंडं, हेही ओघानं आलंच.

‘या वयात पडले-बिडले तर?’ ही धास्ती मी समजू शकतो. रक्तदाब, हृदयविकार, नवा गुडघा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. पण पडण्याच्या भीतीनं बसवून ठेवलेल्या माणसाचे पाय आणखी लुळे पडतात आणि तोच पुढे लवकर पडतो.

जागा आणि वेळ दोन्ही आपल्या हाताशी आहेत. रविवारी मराठी शाळा भरते तेव्हा नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा कॉरिडॉरमध्ये अंगात कोट तसाच ठेवून बसलेले असतात. शेजारचं जिम तेवढा वेळ रिकामं. तिथे तासभर व्यायाम घ्या. मंडळातल्या फिजिओथेरपिस्ट मंडळींनी पहिले काही रविवार शिकवावं, पुढे आजी-आजोबाच एकमेकांकडून करून घेतील, घरीही करतील.

आणि त्यांना कामं द्या, खरी, जबाबदारीची. गणपतीचे उकडीचे मोदक आपण हल्ली केटररकडून आणतो, आणि ज्यांच्या हाताला कळ्या पाडायची सवय आहे त्या आज्या समोर बसून ते खातात. उकड मळायला मनगटात जोर लागतो, ओट्याशी तासन् तास उभं राहावं लागतं, आणि मळता मळता ज्या गप्पा होतात त्या फोनवर होत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटलं. आपल्या घरांतल्या बंद बेसमेंटमध्ये हा प्रश्न रोज दुपारी असतो. सुनांना आणि नातींना कळ्या पाडायला आज्यांनी शिकवावं, हिशेबाची वही एखाद्या निवृत्त बँकवाल्या काकांकडे द्यावी, शाळेत वाचनाला बसलेल्या मुलाशेजारी एक आजोबा असावेत.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे: शाळेच्या यंदाच्या नोंदणी फॉर्मवर आजी-आजोबांच्या नावाचा रकाना घाला, आणि शालींसाठी ठेवलेले पैसे जिमच्या भाड्याकडे वळवा.