गृहचर्चा : औषधानें थांबणारें आर्तव

आर्तव हा शब्द ऋतु शब्दापासून झाला आहे. जें ऋतूप्रमाणें, म्हणजे ठराविक काळानें येतें, तें आर्तव. सुश्रुतानें त्याची मर्यादा बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितली आहे, आणि ह्या मर्यादेच्या आंत तें बंद पडलें तर त्या विकारास नष्टार्तव असें म्हटलें आहे. सुरू असणें हें आरोग्य आणि बंद पडणें हा रोग, अशी आपणां सर्वांची समजूत आहे. त्यामुळें एखाद्या घरांत तें वैद्याच्या देखरेखीखालीं बुद्ध्याच थांबविलें जातें, आणि ज्याचें थांबतें त्यास त्याचें समाधान वाटतें, तेव्हां वडील मंडळी अगदीं गोंधळून जातात. ह्या खेपेस आम्हांस त्या गोंधळाविषयीं लिहावयाचें आहे.

विषय पारलिंगी पुरुषांचा आहे. म्हणजे ज्यांचा देह जन्मतः स्त्रीचा, परंतु आपण पुरुष आहों अशी ज्यांस आंतून दृढ प्रतीति असते, अशांचा. असला विषय बायकामुलांच्या हातीं पडणाऱ्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढलें, तेव्हां त्यांस अश्लीलतेच्या आरोपावरून न्यायालयाची पायरी चढावी लागली. पण ते ज्या गोष्टी छापीत त्या घरोघर घडतच होत्या. हीही गोष्ट घडतच आहे. कोणी म्हणतील, महाभारतांतल्या शिखंडीचा दाखला द्या म्हणजे झालें. आम्हांस त्याची गरज वाटत नाहीं. शिखंडीस यक्षानें एका क्षणांत पुरुषत्व दिलें; आजच्या मुलास टेस्टोस्टेरोन नामक औषध तें महिन्यामहिन्यांनीं देतें, आणि सारा घोटाळा ह्या मधल्या महिन्यांतच होतो.

हें द्रव्य पुरुषाच्या वृषणांत उत्पन्न होतें. स्त्रीच्या शरीरांतही तें असतें, पण अल्प. १९३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें अर्न्स्ट लाकूर यांच्या मंडळीनें तें बैलाच्या वृषणांतून वेगळें काढलें, व त्याच सालीं बुटेनांट आणि रुझिच्का यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार करून दाखविलें. ह्यानंतर थोड्याच वर्षांनीं इंग्लंडांत ब्रिस्टल येथील डॉ. जॉर्ज फॉस हे अतिरजःस्रावानें पीडलेल्या स्त्रियांवर त्याचा प्रयोग करूं लागले होते. म्हणजे टेस्टोस्टेरोनानें पाळी आवरते, हें ज्ञान त्या औषधाइतकेंच जुनें आहे. ह्याच फॉस यांच्याकडे १९३९ सालीं मायकेल डिलन नांवाचा तरुण गेला. त्याचा जन्म १९१५ सालीं मुलगी म्हणून झाला होता. त्यास फॉस यांच्याकडून गोळ्या मिळाल्या, पुढें तो पुरुष म्हणून वावरूं लागला, डब्लिन येथें वैद्यक शिकून १९५१ सालीं डॉक्टर झाला आणि जहाजावर नोकरीस लागला. १९५८ सालीं वर्तमानपत्रांनीं त्याचें गुपित चव्हाट्यावर मांडलें, तेव्हां तो हिंदुस्थानांत निघून आला, सारनाथास राहिला, बौद्ध भिक्षु झाला, आणि १९६२ सालीं डलहौसी येथें वारला. औषधानें त्याचें कांहीं वांकडें केलें नव्हतें. त्यास देशोधडीस लावलें तें लोकांच्या चौकशीनें. हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण चौकशीचा मुद्दा पुढें येणार आहे.

गेल्या महिन्यांत एका वृद्ध गृहस्थांचें पत्र आलें. त्यांच्या नातवास (त्यांनीं नातू हाच शब्द लिहिला आहे, आणि तो वाचून आम्हांस बरें वाटलें) इंजेक्शनें सुरू होऊन चौथा महिना चालू आहे. दोन महिने पाळी आली नाहीं, तेव्हां मुलगा आनंदांत होता. चौथ्या महिन्यांत पुन्हां रक्त दिसलें. तेव्हांपासून तो खोलीबाहेर येत नाहीं, धड जेवत नाहीं, आणि औषध खोटें आहे कीं आपला देहच खोटा आहे असें आजोबांस विचारतो. घरांतील कांहीं मंडळींचें म्हणणें असें कीं, हा निसर्गाचाच कौल आहे.

आमचें उत्तर असें कीं, औषधही खोटें नाहीं, देहही नाहीं, आणि कौल तर मुळींच नाहीं. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि असते. तिच्यांतून निघणारे दोन स्राव बीजकोशांस दरमहा चालना देतात. बीजकोशांतून निघणाऱ्या स्रावांमुळें गर्भाशयाचें अस्तर वाढतें, आणि गर्भ न राहिला तर तें गळून पडतें. हीच पाळी. बाहेरून टेस्टोस्टेरोन पुरेसें मिळूं लागलें म्हणजे पिट्यूटरीचा हुकूम मंदावतो, आणि अस्तर वाढेनासें होऊन बारीक होत जातें. परंतु वर्षानुवर्षें चालत आलेलें रहाटगाडगें दोर कापतांच थांबत नाहीं. दोनचार फेरे घेऊन थांबतें. बहुतेकांची पाळी एक ते सहा महिन्यांत थांबते, कांहींस वर्षही लागतें. त्या अवधींत ती लवकर येणें, उशिरां येणें, नुसते डाग दिसणें, एखादा महिना चुकून पुन्हां येणें, हें सर्व नेहमींचेंच आहे. मात्रा हळूहळू वाढविली किंवा त्वचेस लावावयाच्या मलमानें आरंभ केला, तर वेळ अधिक लागूं शकतो. इंजेक्शनें दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानें असतील, तर शेवटच्या दिवसांत रक्तांतील औषध उतरतें आणि तेवढ्यांत डाग पडतो. अशा वेळीं डॉक्टर तीच मात्रा विभागून दर आठवड्यास देतात आणि बहुधा काम भागतें. तेव्हां चौथ्या महिन्यांतील रक्तानें कोणाच्या पुरुषत्वाचा निकाल लागत नाहीं.

अधीर मुलें येथें एक अविचार करतात, तो म्हणजे स्वतःच मात्रा वाढविणें. आणि व्यायामशाळांच्या आसपास असलीं औषधें चोरून विकणारे लोक त्यांस भेटतातही. अधिक घेतल्यानें पाळी लवकर थांबेल हा तर्क चुकीचा आहे. जास्त झालेल्या टेस्टोस्टेरोनापैकीं कांहीं अंश शरीर स्वतःच इस्ट्रोजेनांत, म्हणजे ज्यापासून सुटका हवी त्याच द्रव्यांत, बदलून टाकतें. शिवाय तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतें. पाळी लवकर थांबावी अशी निकड असेल तर तिला सरळ उपाय आहेत. मुंज, लग्न किंवा गौरींच्या दिवशीं अडचण नको म्हणून आपल्या सुना ज्या गोळ्या घेऊन पाळी पुढें ढकलतात, त्या नॉरएथिस्टेरोनच्याच गोळ्या कांहीं काळ टेस्टोस्टेरोनाबरोबर डॉक्टर देतात. किंवा त्याच जातीचें औषध हळूहळू सोडणारें साधन गर्भाशयांत बसवितात. (साधी तांबी नव्हे, तिनें रक्त उलट वाढूं शकतें.) आतां मुलाच्या ह्या गोळ्यांस नाकें मुरडणारी घरें कार्याच्या वेळीं त्याच गोळ्या औषधवाल्याकडून परस्पर मागवितात, ह्याची आम्हांस गंमत वाटते. अर्थात् दोन्ही ठिकाणीं डॉक्टरांस विचारूनच घ्याव्या.

आजीबाईंची एक भीति निराळी असते. बाहेर न पडलेला विटाळ अंगांत सांचतो, डोक्यांत चढतो, दृष्टि मंद करतो, असें आम्हीं लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण येथें सांचण्यासारखें कांहीं उत्पन्नच होत नाहीं; अस्तर वाढलें नाहीं तर गळावयाचें काय? अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी महिनेच्या महिने येत नाहीं, तेव्हां तिचें रक्त कोठें चढलें असें कोणी विचारीत नाहीं.

याच्या उलट एक भीति आहे जी बाळगावयास हवी आणि कोणी बाळगीत नाहीं. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाहीं, असें मुलगाही समजतो आणि घरही. हें खरें नाहीं. पाळी बंद असतांही बीजकोश मधूनच बीज सोडूं शकतो, आणि अशा स्थितींत गर्भ राहिल्याचीं उदाहरणें आहेत. टेस्टोस्टेरोन हें संततिनियमनाचें साधन नव्हे; गर्भावर, विशेषतः तो मुलीचा असल्यास, त्याचा अनिष्ट परिणाम होतो. ज्यास पुढें अपत्याची इच्छा असेल त्यानें औषध सुरू होण्यापूर्वींच बीजें राखून ठेवण्याविषयीं डॉक्टरांशीं बोलावें. औषध सोडल्यावर बहुधा कांहीं महिन्यांत पाळी परत येते, आणि सोडून मातृत्व पत्करलेलेही आहेत. पण प्रत्येकास तें साधेलच असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं. फुटलेला आवाज मात्र परत बारीक होत नाहीं.

एकदां पाळी नीट थांबून वर्ष लोटलें आणि मग पुन्हां रक्त दिसलें, तर तें घरांत दडपून ठेवूं नये. पुष्कळदां कारण साधें निघतें : एखादें इंजेक्शन चुकलेलें असतें, किंवा औषधानें आंतील त्वचा कोरडी व नाजुक होऊन तिला खरचटलेलें असतें. पण गर्भाशयांतील गांठ, जंतुदोष, किंवा गर्भ, ह्यांपैकींही कांहीं असूं शकतें, आणि तें तपासल्यावांचून कळत नाहीं. इंजेक्शनें सुरू झाल्यावर ओटीपोटांत कळा येतात असेंही पुष्कळ जण सांगतात. तींही अंगावर काढूं नयेत. जोंवर गर्भाशयाचें मुख शरीरांत आहे तोंवर त्याची कर्करोगासाठीं करावयाची ठराविक तपासणीही चुकवूं नये.

आतां चौकशीचा मुद्दा. आमच्या लहानपणीं वाड्यांत कोणास कधीं कावळा शिवला, हें गड्यामाणसांपासून भटजींपर्यंत सर्वांस ठाऊक असे. तीन दिवस बाहेर बसावयाचें, वेगळें तांब्याभांडें, वेगळी वाकळ, चौथ्या दिवशीं न्हाणें. म्हणजे शरीराचें अत्यंत खाजगी पंचांग ओसरीवर टांगलेलें. शिवाशिव आतां पुष्कळ घरांतून गेली, पण मोजण्याची संवय गेली नाहीं. अजून घरांतील वडील बायकांस प्रत्येकीची तारीख पाठ असते. मुलींस ह्याचा जांच होतो तो होतोच. परंतु जो स्वतःस मुलगा समजतो त्यास दर महिन्यास अशा रीतीनें सर्वांसमक्ष मुलगी ठरविलें जात असे, त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पाळी थांबण्याविषयीं त्याची एवढी अधीरता कां, हें ज्यांस कळत नाहीं, त्यांनीं ह्या पंचांगाचा विचार करावा. आणि औषध सुरू झाल्यावर तींच माणसें, प्रेमानें कां होईना, ‘थांबली कां रे?’ म्हणून रोज विचारूं लागलीं, तर तें पंचांग पुन्हां ओसरीवर आलेंच. विचारूं नये. सांगावेंसें वाटल्यास तो सांगेल. पुरुषांच्या न्हाणीघरांत झांकणाची एक टोपली ठेवावी व तिच्याविषयीं कोणी बोलूं नये.

डॉक्टरांकडे जातांना मात्र वडिलांपैकीं एकानें बरोबर जावें. दाढी फुटूं लागलेल्या मुलानें स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत गरोदर बायकांच्या रांगेंत एकट्यानें बसावयाचें, ही कल्पनाच त्यास इतकी दुःसह होते कीं, तो रक्तस्राव लपवितो. आधीं दूरध्वनि करून स्थिति सांगावी आणि सर्वांत शेवटची वेळ मागून घ्यावी. रक्ताच्या तपासणीचे कागद न्यावे. पहिल्या वर्षांत ती दर तीन महिन्यांनीं होत असते. कागदावर स्त्री असें छापलें असल्यास हिमोग्लोबिन १६ दिसतांच त्यापुढें वाढल्याची खूण येते. तिनें घाबरूं नये, तो आंकडा पुरुषाच्या मर्यादेंतला आहे. हेमॅटोक्रिट ५४ च्या वर गेलें असेल तर मात्र तें पुरुषासही जास्तच, आणि डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा कांहीं काळ थांबवितात. बरोबर एक लहान वही असावी. तींत शेवटचें इंजेक्शन कोणत्या तारखेस व किती घेतलें, कोणतें चुकलें, आणि रक्त कोणत्या दिवशीं व किती गेलें, एवढें मुलानें स्वतःच्या हातानें लिहावें, आणि ती वही त्याच्याच खणांत राहावी.