सायटेशन मोजता, मग जात का मोजत नाही?

विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांत एका ठरलेल्या साच्याचा शोधनिबंध वर्षानुवर्षे लिहिला जातो. रसायनशास्त्राची एखादी शोधपत्रिका घ्यायची, तिचे दहा वर्षांचे अंक काढायचे आणि मोजदाद करायची. कोणत्या वर्षी किती लेख आले, एकट्याचे किती, संयुक्त किती, कोणत्या देशाचे, कोणत्या संस्थेचे, कोणत्या विषयाकडे कल वाढला, कोणत्या लेखाला किती सायटेशन मिळाले. शेवटी कोष्टके, आलेख आणि निष्कर्ष. या निबंधांत कधी कधी लेखांची पानेसुद्धा मोजली जातात. मात्र हे लेख लिहिणारे कोणत्या समाजातून आले आणि कोणत्या समाजातून कुणी आलेच नाही, हे मोजायचे कुणाला सुचत नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. एखाद्या लेखाकडे किती लोकांचे लक्ष गेले, याची नोंद म्हणजे सायटेशनचा आकडा. ती गुणवत्तेची मोजणी नव्हे. पण या देशात तोच आकडा गुणवत्तेचा दाखला म्हणून फिरवला जातो आणि त्याच्या आडून आपल्या पोरापोरींना प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवले जाते. म्हणून हा आकडा कुठून आला आणि कसा फुगतो, हे आपल्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे.

या मोजणीची सुरुवातच रसायनशास्त्रातून झाली. १९२७ साली अमेरिकेत ग्रॉस आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. 'जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी'च्या १९२६ च्या खंडात तळटीपांमधून कोणकोणत्या पत्रिकांचे संदर्भ दिले आहेत, ते त्यांनी मोजले. असे ३,६३३ संदर्भ भरले. त्यांचा प्रश्न साधा होता. लहान कॉलेजकडे पैसा थोडा असतो, मग तिथल्या मुलांना पुढच्या अभ्यासासाठी तयार करायचे तर ग्रंथालयाने रसायनशास्त्राच्या कोणत्या पत्रिका घ्याव्यात? म्हणजे लहान कॉलेजातल्या मुलाच्या हाती चांगले वाचन पडावे म्हणून ही मोजणी झाली. त्याच १९२७ साली आपले लोक महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावरचा हक्क बजावत होते. आज शंभर वर्षे होत आली. लहान कॉलेजसाठी तयार झालेले ते साधन आता लहान कॉलेजातल्या मुलाला खाली दाखवण्यासाठी वापरले जाते.

मधल्या काळात काय घडले? युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सायटेशन सूचीची कल्पना मांडली. पुढे त्यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला आणि त्यातून इम्पॅक्ट फॅक्टर आला. त्याचे गणित शाळकरी पोरालाही जमेल असे आहे. पत्रिकेने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन मिळाले ते मोजा आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागा. म्हणजे ही पत्रिकेची सरासरी झाली, लेखाची किंवा माणसाची नव्हे. माणसाला जोखण्यासाठी हा आकडा वापरू नका, असे खुद्द गारफिल्डही बजावत होते.

ही सरासरी किती फसवी असते, याचे उदाहरण 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'अ' विभागाचे आहे. स्फटिकांची रचना अभ्यासणाऱ्यांची ही प्रतिष्ठित पत्रिका. २००८ साली तिचा इम्पॅक्ट फॅक्टर होता २.०५१, आणि २००९ साली तो झाला ४९.९२६. 'नेचर' आणि 'सायन्स' दोन्ही मागे पडले. एका वर्षात तिथले सगळे शास्त्रज्ञ चोवीस पटींनी हुशार झाले काय? घडले एवढेच की जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये 'शेलएक्स' या संगणक प्रणालीचा इतिहास सांगणारा एक लेख तिथे छापला. स्फटिकाची रचना सोडवायला जगभरचे रसायनशास्त्रज्ञ ही प्रणाली वापरतात. वापरली की या लेखाचा संदर्भ द्यायचा, अशी सोय झाली आणि एकाच लेखाला हजारो सायटेशन मिळाले. शेल्ड्रिक यांचे काम मोठेच आहे. पण त्यांच्या शेजारच्या पानावर छापलेल्या लेखालाही तोच ४९ चा मान मिळाला! पुढे तो लेख दोन वर्षांच्या मोजणीतून बाहेर गेला आणि आकडा पुन्हा २ च्या आसपास आला.

आता हे आपल्या नियमावलीला लावून पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या शिक्षक पात्रता नियमावलीत शोधनिबंधाला पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण आहेत. फॅक्टर १ पेक्षा कमी असेल तर १०, २ ते ५ असेल तर २०, १० च्या वर असेल तर ३०. हा नियम तेव्हा असता, तर त्या पत्रिकेत लिहिणाऱ्याला एका वर्षी २० आणि पुढच्या वर्षी ३० वाढीव गुण मिळाले असते. तेही शेजारच्या माणसाच्या लेखामुळे! अशा गुणांची बेरीज करून सहयोगी प्राध्यापकाला ७५ आणि प्राध्यापकाला १२० ची अट घातली जाते. आणि आरक्षणाचा विषय निघाला की हेच लोक आपल्याला गुणवत्तेचे धडे देतात.

सायटेशन मिळते कसे, तेही पाहू. ज्या विषयावर जगात जास्त लोक काम करतात, तिथे सायटेशन जास्त. पेरोव्हस्काइटचे सौर घट, ग्राफीन, बॅटरीची रसायने असे विषय जोरात असले की त्यांवरचे लेख भराभर उद्धृत होतात. नवे संशोधन छापणाऱ्या पत्रिकेपेक्षा फक्त आढावा घेणारी पत्रिका वरचढ ठरते. म्हणूनच 'केमिकल रिव्ह्यूज'चा आकडा 'जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी'च्या कितीतरी वर असतो. त्यात भर साधनांची. एनएमआर, मास स्पेक्ट्रोमीटर, एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर ज्याच्या मजल्यावर आहे, त्याचा निबंध लवकर होतो. ज्याला नमुना दुसऱ्या शहरात पाठवून, पैसे भरून निकालाची वाट पाहावी लागते, त्याचे काम मागे पडते. 'नेचर'च्या कुटुंबातल्या पत्रिकांनी २०२१ पासून लेख सर्वांना खुला ठेवण्यासाठी ९,५०० युरो शुल्क लावले. अधिछात्रवृत्ती महिनोन्महिने अडकलेल्या विद्यार्थ्याने हे युरो आणायचे कुठून? केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले, त्यामुळे सरकारी संस्थांतून पत्रिका वाचता येतील. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नुसत्या वाचनाने प्रयोग होत नाही. त्याला यंत्र लागते, रसायने लागतात, हातात वेळ लागतो.

आणि ज्या रसायनशास्त्राशी आपल्या वस्तीचा जीवनमरणाचा संबंध आहे, त्याचे काय? गटारात उतरलेल्या सफाई कामगाराचा जीव हायड्रोजन सल्फाइड घेतो. हे रसायनशास्त्रच आहे. २०१३ चा कायदा आहे, तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाई ३० लाख केली, तरी हे थांबलेले नाही. हा वायू ओळखणारे स्वस्त साधन कुणी बनवले आणि त्याने दहा माणसे वाचली, तर त्या दहा जिवांचे सायटेशन कोणत्या सूचीत नोंदवणार? ज्यांच्या घरातले कुणी गटारात उतरले नाही, त्यांनी 'प्रभाव' या शब्दाची व्याख्या केली आहे. त्या व्याख्येत आपले मरण बसत नाही.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. 'इंडियन केमिकल सोसायटी' १९२४ साली कलकत्त्यात स्थापन झाली, तिची शोधपत्रिका सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष आचार्य प्रफुल्लचंद्र राय. भारतीय रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना त्यांनी इथले विज्ञान का खुंटले याचे कारण दिले आहे. कातडे कमावणे, धातू गाळणे, रंग बनवणे ही हाताची कामे जातिव्यवस्थेने खालच्या मानलेल्या जातींवर टाकली आणि विचार करणारा वर्ग त्या कामांपासून तुटला. पुढे बाबासाहेबांनी जातीने श्रमिकांचीच कशी विभागणी केली ते दाखवून दिले. भट्टीजवळ बसून शतकानुशतके रसायने हाताळली ती आपल्या पूर्वजांनी. आज प्रयोगशाळेत मात्र त्यांच्याच वंशजांना 'गुणवत्ता आहे का' असे विचारले जाते.

आता सरकारी कायदा बघा. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील शिक्षकपदांच्या आरक्षणाचा २०१९ चा कायदा 'उत्कृष्टतेच्या' आणि संशोधनाच्या काही संस्थांना आरक्षणातून सूट देतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र ही नावे त्या यादीत आहेत. म्हणजे जिथे उत्तम यंत्रे, उत्तम निधी आणि म्हणून उत्तम सायटेशन, तिथे आरक्षण नको! 'नेचर'ने जानेवारी २०२३ मध्ये आकडे छापले. देशातल्या पहिल्या पाच आयआयटींत ९८ टक्के प्राध्यापक वरच्या जातींचे आहेत. आधी दार बंद करायचे, मग आतल्यांचे सायटेशन मोजायचे आणि मग बाहेरच्यांना म्हणायचे, तुमचा इम्पॅक्ट कुठे आहे?

इथे कुणी विचारील, मग आकडेच नकोत का? नाही. आकडा फेकून दिला की उरते ती मुलाखत, आणि मुलाखतीच्या खोलीत आपल्या आडनावाचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या निवडीचा २०१८ चा नियम वाचा. शोधनिबंध आणि पदव्यांचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, अंतिम निवड केवळ मुलाखतीवर. म्हणजे आपला आकडा कमी असला की आकडा महत्त्वाचा आणि आपला आकडा जास्त असला की मुलाखत महत्त्वाची. वर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारून राखीव जागा रिकामी ठेवायची सोय आहेच. आमचा राग या दुटप्पीपणावर आहे.

संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतही तेच. विद्यापीठांसाठी संशोधनाला १०० पैकी ३० गुण, आणि सर्वसमावेशकतेला १०. त्या १० मध्येच इतर राज्यांतले विद्यार्थी, स्त्रिया, दुर्बल घटक आणि अपंग, सगळे कोंबलेले. कुलगुरू कशामागे धावतील ते वेगळे सांगायला नको.

जात मोजता येत नाही, हा बहाणा तर अजिबात चालणार नाही. ब्रिटनच्या 'रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री'ने २०१९ मध्ये आपल्याच पत्रिकांच्या नोंदी तपासल्या. लेख पाठवण्यापासून सायटेशन मिळेपर्यंत टप्प्याटप्प्याला स्त्रिया थोड्या थोड्या मागे कशा पडतात, हे त्यांनी स्वतःच जाहीर केले. तिथले रसायनशास्त्रज्ञ आपल्या घरातला भेद मोजू शकतात, तर इथल्यांना काय अडचण आहे?

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक संशोधनसंस्थेने शिक्षक, संशोधक आणि प्रकल्पप्रमुख यांची प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी. सार्वजनिक पैशातून निघणाऱ्या पत्रिकांनी संपादक आणि परीक्षक मंडळांचीही द्यावी. माणसाला पत्रिकेच्या सरासरीवर गुण देणे बंद करून त्याचा लेख वाचून गुण द्यावेत. परीक्षणात लेखकाचे नाव आणि संस्था झाकावी. मुलाखतीचे गुण आणि शेऱ्यांची कारणे लेखी द्यावीत. २०१९ च्या कायद्यातली सूट रद्द करावी. सरकारी पैशाची महागडी यंत्रे जिल्ह्याच्या कॉलेजातल्या संशोधकालाही ठराविक दिवशी मोफत मिळावीत.

आणि रसायनशास्त्रात, ग्रंथालयशास्त्रात संशोधन करणाऱ्या आपल्या भावाबहिणींना एक सांगणे. इम्पॅक्ट फॅक्टरला भिऊ नका आणि त्याची पूजाही करू नका. त्याचे गणित शिका, चांगल्या पत्रिकेत लिहा, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या भुरट्या पत्रिकांच्या नादी लागू नका. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ पत्रिका काढल्या, तेव्हा यादीवर विसंबून तिथे छापणाऱ्यांची मेहनत वाया गेली. यादी बनवणाऱ्यांचे काय बिघडले? आणि पुढच्या वेळी एखाद्या पत्रिकेचा 'संशोधनाचा कल आणि सायटेशनचा प्रभाव' मोजायला बसाल, तेव्हा कोष्टकात एक रकाना वाढवा. प्रवर्गाचा. माहिती मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, आणि तरी नाकारली तर तो रकाना रिकामा ठेवून निबंध छापा. तो रिकामा रकाना सगळ्या सरासरींपेक्षा जास्त खरे सांगेल.

जय भीम!