सौदा ठरण्याआधी गावाला सांगा

पाबळ म्हटलं की बाहेरचा माणूस मस्तानीचं नाव काढतो. बाजीरावांनी हे गाव तिला इनाम दिलं, १७४० साली ती गेली, तिची समाधी इथेच आहे. पण तिचा कोथरूडचा महाल बघायचा तर पुण्याच्या केळकर संग्रहालयात जावं लागतं. दिनकर केळकरांनी त्याचे अवशेष आणून पुन्हा उभे केले, म्हणून ते वाचले. गावोगावी केळकर कुठून आणायचे? आपल्या आळीतल्या वाड्यांसाठी आपणच उभं राहायला हवं.

वाडा एका दिवसात पडत नाही. आधी वाटण्या होतात. मग कौलं कुणी चाळायची, यावर घोडं अडतं. पाणी भिंतीत मुरत तुळईच्या टोकाशी पोचतं, वाळवी लागते. तेवढ्यात जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात हजर! चौकट एकीकडे, खांब दुसरीकडे.

एकदा ओसरीत उभं राहून वर बघा. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, सुरूच्या झाडासारखा निमुळता. दोन खांबांमध्ये महिरप, तिच्या पोटाला उलटं लटकलेलं केळफूल, पाकळी न् पाकळी पटाशीनं सुटी केलेली. करणाऱ्या सुताराचं नाव कुठंच नाही. त्याची आठवण म्हणून एवढंच उरलंय, आणि रोज त्याखाली चहा पिणाऱ्या आपल्याला ते दिसेनासं झालंय.

लाखो रुपये लागतील म्हणून हातपाय गाळू नका. पावसाळ्याआधी कौलं चाळा. छप्पर कोरडं, तर निम्मा वाडा वाचला. भाऊबंदांत वर्गणी काढा, जत्रेला काढतोच की! ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद असते, नक्षीची नसते. ती आपण करू. शाळेची पोरं, एक मोबाइल, एक वही. खांब मोजायचे, फोटो काढायचे, घरातल्या आजीला बोलतं करायचं आणि येत्या ग्रामसभेत वही मांडायची.

शिवाय आपल्याकडे विज्ञान आश्रम आहे. १९८३ साली डॉ. कलबागांनी इथं हातानं काम करत शिकायची रीत रुजवली. तिथली पोरं आणि गावातले सुतारमिस्त्री मिळून एखाद्या वाड्याची कुजलेली तुळई बदलू शकतील. विचारून तर बघू.

विकायची वेळ आलीच, तर दोष कुणाला द्यायचा? घरात लग्न असतं, आजारपण असतं. फक्त सौदा ठरण्याआधी गावात एकदा कानावर घाला. घेणारा शेजारीच निघेल, नाहीतर वर्गणी काढून चौकट वाचनालयाच्या दाराला बसवू.